भेकराच्या फोटोसाठी

नाना, काल नात दिवसभर गाडीतून हिंडून आली. चार मैत्रिणी मिळून देवरुखकडच्या आडरस्त्यांनी जनावरांचे फोटो काढत फिरल्या. आल्या आल्या माझ्या शेजारी बसून तिने मोर दाखवले, मुंगूस दाखवलं, आणि मग पाण्यावर आलेलं एक भेकर. “आजी, कसलं गोड आहे ना?” मी छान म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. तुमच्यावरचा राग इतक्या वर्षांनी असा उसळून येईल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता कितीतरी म्हातारी आहे, तेव्हा चार शब्द सुनावले तर मला कोणी उद्धट म्हणणार नाही.

तुमचं फोटोचं दुकान होतं, मागे आपलं घर होतं आणि दोन्हींच्या मध्ये ती डार्करूम, खिडकीला काळं कापड मारलेली. मॅट्रिक झाल्यापासून मी तिथे राबत होते. फोटो तुम्ही काढायचात आणि धुवायचे मी. लग्नाच्या मुलींचे फोटो आले की निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण घालवायचे, डोळ्यांखालचं काळं घालवायचं, हे काम तर तुम्ही माझ्यावरच सोपवलं होतंत. ‘माझ्यापेक्षा हिचा हात हलका आहे,’ असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचात. पण कॅमेऱ्याला हात लावायची सोय नव्हती. रोल मुंबईहून यायचे, मिळायचे मुश्किलीने, आणि एक फोटो वाया गेला की तुम्ही दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाहीत. मी तुमच्या मागे लागायचे, नाना, एकदाच, एकच फोटो. तुम्ही ‘बघू’ म्हणायचात. तुमच्या त्या ‘बघू’वर मी कितीतरी वर्षं काढली.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. पौष संपत आला होता. तुम्ही जेवताना एकदम म्हणालात, “उद्या पहाटे तयार राहा. जीप मिळाली आहे. साखरप्याच्या बाजूला जनावराचा फोटो काढायला जायचंय. रोलमध्ये एक फोटो शिल्लक आहे, तो तू काढायचा.” माझ्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. आई वाढत होती, तिने मान वर केली नाही. पहाटे मी जुनं सुती लुगडं काढलं तर तिने ते हातातून घेतलं आणि मोरपंखी साडी पुढे केली. मी म्हटलं, “अगं, जंगलात जायचंय, काटेकुटे असतील.” ती म्हणाली, “असू देत गो. नेस सांगते ती.” आईला काही कळत नाही, असं मला वाटलं. मी कॅमेरा मांडीवर घेऊन ओटीवर जीपची वाट बघत बसले, आणि मला आठवतं, थंडी असूनही मला थंडी वाजत नव्हती.

जीप तुमच्या स्नेह्यांची होती, ते लाकडाचे ठेकेदार. तेच चालवत होते. त्यांच्याबरोबर चिपळूणची त्यांची बहीण होती आणि तिचा मुलगा, पोफळीला कोयनेच्या कामावर ओव्हरसियर. ‘सुट्टीवर आलेत, त्यांनाही जंगल बघायचंय,’ असं तुम्ही सांगितलंत आणि मी मान डोलावली. पुढे तुम्ही पुरुष बसलात, मागे मी आणि त्या बाई, समोरासमोर. हातखंबा मागे पडला. पालीच्या पुढे ठेकेदारांनी जीप लाकडाच्या गाड्या जायच्या त्या रस्त्याला घातली. दोन्ही बाजूंना कातळाचा सडा, त्यावर वाळलेलं गवत, मध्येच काजूची झाडं, आणि आमच्या मागे लाल धुरळ्याचा लोट. मी डोळे फाडून बघतेय. एक कोल्हा रस्ता ओलांडून गेला, लांडोरी दिसल्या, एक ससा. प्रत्येक वेळी मी ओरडते, “नाना, ते बघा!” आणि तुम्ही मागे वळून जनावराकडे न बघता त्या बाईंकडे बघता. हे मला तेव्हाही दिसत होतं. मला वाटलं, पाहुण्यांना कंटाळा येतोय का, ते बघताय.

बाईंचं मात्र सारखं काहीतरी चालू होतं. “काय गो, तो मैलाचा दगड दिसतोय का तुला? काय लिहिलंय त्यावर?” मी लांबूनच वाचून दाखवलं आणि वर फुशारकी मारली की फोटोच्या कामाने नजर तयार होते. मग एक चढ आला. ठेकेदार म्हणाले, गाडी चढायची नाही, बायकांनी उतरून चालत या. लाकडाचे ओंडके ओढणारी जीप, आणि ती म्हणे दोन बायकांना घेऊन चढेना! पण मी उतरले आणि पदर खोचून भराभरा चढून गेले. वर पोचून वळून बघते तर सगळे माझ्याचकडे बघताहेत. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, “केसांत धुरळा बसलाय तुझ्या. सोड, झाड आणि पुन्हा बांध.” मी सोडले, झाडले, बांधले. मनात म्हटलं, काय काळजी करते बिचारी माझी. इतके बावळट दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा फारसे आले नाहीत.

उन्हं कलल्यावर आपण त्या पऱ्याच्या, रानातल्या ओढ्याच्या डोहाशी गेलो. करवंदीच्या जाळीमागे तुम्ही मला बसवलंत, कॅमेरा उघडून दिलात, उजेड किती, अंतर किती, हे कानात सांगितलंत. बाकीचे मागे एका खडकापाशी थांबले. मी बसले आहे. पायाला मुंग्या डसताहेत, तरी हलत नाही. पलीकडच्या काठावर पानं हलली आणि भेकर बाहेर आलं. तांबूस अंग, बारीक पाय, थांबत थांबत पाण्याशी येत होतं. त्या कॅमेऱ्यात ते नखाएवढंच आलं असतं, हे मला माहीत होतं. मला त्याचं काही नव्हतं. माझं बोट खटक्यावर होतं, मी श्वास धरला होता, आणि तुम्ही बाजूने हात घालून कॅमेरा काढून घेतलात. मला वाटलं, माझं काही चुकतंय, तुम्ही ते सारखं करून परत द्याल. तुम्ही दोन पावलं मागे सरलात, कॅमेरा माझ्याकडे वळवलात आणि हळूच म्हणालात, “हलू नको. तिकडेच बघत राहा.” खटका वाजला. भेकर कुत्र्यासारखं भुंकलं आणि रानात शिरलं.

मी म्हटलं, “नाना, तो माझा फोटो होता.” तुम्ही म्हणालात, “जनावरं काय, पुन्हा येतील.” आणि मागून बाईंचा आवाज आला. त्या भावाला सांगत होत्या, मी ऐकतेय याची काही पर्वा न करता, “चाल चांगली आहे. नजर चांगली. केसही स्वतःचे आहेत. वर्ण सावळा, पण हसतमुख आहे हो पोर. फोटो तेवढा लवकर पाठवा म्हणावं, यांना दाखवायला हवा.” ओव्हरसियर खाली बघून बुटाने खडे उडवत होता. त्या क्षणी मला सगळा दिवस उलगडला, मैलाचा दगड, चढ, केस, मोरपंखी साडी. मी रडले नाही. परतताना अंधार पडेपर्यंत मी जीपच्या मागच्या बाजूने बाहेर बघत राहिले आणि एकही जनावर कुणाला दाखवलं नाही.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, “काय करायचं गो मग? घरी बघायला आले की तू तोंड पाडून बसतेस. दोन ठिकाणांहून नकार आला. कॅमेऱ्याचं नाव काढलं की मात्र कशी खुलतेस. ह्यांनीच म्हटलं, मुलगी खुललेली असेल तेव्हाच दाखवू या.” म्हणजे माझी हौस तुम्हाला पक्की ठाऊक होती, नाना. इतकी पक्की की तिचा कुठे उपयोग होईल हेही तुम्ही हेरून ठेवलंत. हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. तुम्हाला माझं मन कळत नव्हतं असं म्हणायची सोयही तुम्ही ठेवली नाहीत.

आणि तो रोल धुवायला तुम्ही मलाच दिलात. वर दाराबाहेरून सांगितलंत, “वर्ण जरा उजळ कर हो.” मी केला. लाल दिव्याखाली माझा चेहरा कागदावर उमटत गेला. डोळे मोठे, ओठ किंचित उघडे, सगळं लक्ष पलीकडे. मला मी अशी दिसते हे ठाऊकच नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या कुणा मुलीचं करावं तसं ते काम नीट केलं.

लग्न झालं. नवरा वाईट नव्हता. पोफळीच्या कॉलनीत गेल्यावर एकदा मी कॅमेऱ्याचा विषय काढला तर तो म्हणाला, “कशाला त्या औषधांचा वास घरात?” तो विषय तिथेच संपला. सासूबाई मात्र मरेपर्यंत म्हणत राहिल्या की आम्हाला फसवलं. डोहाकाठी बघितली ती मुलगी वेगळी होती, हसरी होती, आणि घरात आली ती ही घुमी. शेजारणींना सांगायच्या, पाहुण्यांना सांगायच्या, मी वाढत असताना सांगायच्या. मी एकदाही उलट बोलले नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. माहेरपणाला आले की तुम्ही विचारायचात, “सुखात आहेस ना?” मी हो म्हणायचे. डार्करूममध्ये तोवर तुम्ही एक मुलगा ठेवला होतात. त्याचा हात जड होता. फोटोंवर डाग राहायचे, आणि तुम्ही माझ्यासमोर त्याच्या नावाने बोटं मोडायचात, जणू मीच तुमची काही सोय लावून द्यावी. दुकान तुमच्या पाठीमागे विकलं गेलं. मी बघायलाही गेले नाही.

नात आता आतल्या खोलीत झोपली आहे. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून मी तो उद्या फाडून टाकीन. पण फाडण्याआधी एक गोष्ट लिहिते, ती कुणालाच सांगितलेली नाही. आईचं खरं होतं. सतरंजीवर बसवलं की माझं तोंड उतरायचं. पण दोन्ही वेळा आई सांगायची मान खाली ठेव आणि तुम्ही सांगायचात विचारतील तेवढंच बोल. याहून जास्त मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला तुम्ही कॅमेऱ्यामागे जाण्याआधी म्हणायचात, “जरा हसा.” मला एकदा म्हणाला असतात, नाना, तर मी घरीच हसले असते.