औषधाच्या दह्याचं विरजण

४ ऑगस्ट, उंब्रज
लिही, अंकिते. आज दह्याच्या डब्या आल्या! कऱ्हाडच्या मोठ्या दवाखान्यातल्या संयोगिता मॅडम आम्हा शुगरवाल्यांना बारा आठवडे दही खायला देऊन बघणार – रोज एक डबी. त्यात पोटाला चांगले जिवाणू, वरनं ड जीवनसत्त्व घातलेलं. साठ वर्षं दही लावतेय, आत जिवंत काय असतं ते आज कळलं! मॅडम दोनदा म्हणाल्या, "आजी, गोळ्या चालूच ठेवायच्या. दही गोळीच्या जागी नाही." मी म्हटलं, "व्हय बाई."
मी 'न्हाई' म्हणते, ही पोरगी 'नाही' लिहिते. शिकलेली नात!

९ ऑगस्ट
माझी शुगर माझ्यासारखीच म्हातारी – गप बसते. आकारामची तरणी आहे. माझा लेक, अंकिताचा बाप, पलटणीतून आला तो पेन्शन आणि शुगर घेऊनच. उजव्या अंगठ्याला बूट चावला, महिना झाला, जखम भरत नाही. मॅडम म्हणाल्या, पायाला जखम असलेला यात चालत नाही. ज्याला गरज त्यालाच नाही! आणि दवाखान्यात जात नाही म्हणून छप्पन्न वर्षांच्या पोराच्या कानाखाली वाजवता येत नाही.

१० ऑगस्ट
युक्ती सुचली. डबीतलं चमचाभर ठेवलं, म्हशीच्या कोमट दुधाला त्याचं विरजण लावलं. दही वाढतं, मग आतले जिवाणू वाढणार नाहीत होय? मॅडमना सांगायचं नाही.

११ ऑगस्ट
सुरीनं कापावं असं लागलं! "खा रं, औषधाचं दही हाय." वाटी चाटूनपुसून साफ. म्हणाला, "आये, गोळीपरीस हे बरं." दोघंही हसलो.

२ सप्टेंबर
शेजारच्या तानुबाई वाटी घेऊन दारात. "आवं आत्याबाई, तुमचं ते शुगरचं विरजण द्या की जरा." दिलं. विरजणाला कुणी नाही म्हणतं?

१६ सप्टेंबर
अंगठा काळा पडलाय. वास मारतो. "दवाखान्यात चल रं" म्हटलं, तर "दही खातोय न्हवं? शुगर उतरंल." मोजा चढवला की झालं याचं. मी नुसती त्या मोज्याकडे बघत बसते.

१८ सप्टेंबर
मॅडम आल्या होत्या. कुणाच्या डबीत औषध, कुणाच्या साधं दही, हे त्यांनाही शेवटपर्यंत कळायचं नाही म्हणे. मग मी रोज काय लावत होते?

२० सप्टेंबर
ताप चढला, तेव्हा कुठं आकाराम दवाखान्यात गेला. शुगर चारशेच्या वर. अंगठा काढावा लागणार. डॉक्टर त्याच्यावर ओरडले, मी भिंतीला टेकून ऐकलं.

२१ सप्टेंबर
त्याचे कपडे न्यायला पलटणीची ट्रंक उघडली. तळाशी गोळ्यांची पाकिटं. मला अक्षर कळत नाही, पण भरलेलं पाकीट बोटांना कळतं. एकही गोळी फोडलेली नाही. सोबतच्या औषधाच्या दुकानाच्या चिठ्ठीवरची तारीख अंकितानं वाचली – बारा ऑगस्ट. पहिली वाटी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशीची.
विरजण दिलं. मॅडमचं ते 'दही गोळीच्या जागी नाही' हे बोलणं द्यायचं राहिलं.
थांबू नको, अंकिते. ही चूक तुझ्या बापाच्या नव्हे, माझ्या नावावर लिही.