स्टुलाचा चौथा पाय

सूनबाई,

प्रवासातून दमून आली असशील. चहा थर्मासमध्ये आहे. मी वाचनालयात जातोय.

मागच्या खोलीत मी स्टूल करतोय. लाकूड तासताना फार शांत वाटतं, तुझ्या सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. तीन पाय मी केले, वाकडेतिकडे. चौथा मी केलेला नाही. काल फिरून आलो तर तो तयार होता, गुळगुळीत, आणि रंध्याची मूठ कोमट होती. घराची किल्ली माझ्याच खिशात होती. कदाचित मीच विसरत असेन.

तुझ्या सासूबाई नेहमी म्हणायच्या, "सरका, तुम्हाला नाही जमायचं."

बसायची फळी मुद्दाम खडबडीत सोडली आहे. मी जरा उशिराच येईन. आतून रंध्याचा आवाज आला, तर दार उघडू नकोस.

बाबा