शुद्धिपत्रातील एकेचाळिसावी नोंद

कै. सौ. (संपूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह, पाकिटावर लिहिले आहे) हिस,

मायन्यातच अडलो. 'कै.' आधी की 'सौ.' आधी, या प्रश्नावर काल माझा अर्धा दिवस गेला. एकतीस वर्षे पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला एवढेही ठाऊक नाही का, असे तू विचारले असतेस. ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे आणि स्वतःच्या हाताने लिहिणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मला या वयात कळले. तुझ्या प्रकृतीची चौकशी करण्याची सोय तू ठेवली नाहीस. माझी ठीक आहे. रक्तदाब नियमित आहे, जेवण वेळेवर आहे, आणि या दोहोंचा नेमका उपयोग काय, हे कोणी सांगत नाही.

पत्रास कारण की, टाचणीचे नाव होऊ लागले आहे. (टाचणी म्हणजे आपली कन्या, हे तुला सांगण्याची गरज नाही. ती बारीक होती आणि जवळ घेणाऱ्याला टोचत असे, म्हणून हे नाव तूच ठेवलेस. मी सुचवलेले नाव केवळ शाळेच्या दाखल्यावर राहिले.) ती स्वतः गाणी रचते, स्वतः चाली लावते, स्वतः गाते, आणि अनोळखी माणसे ते ऐकण्यासाठी घराबाहेर पडतात. नभोवाणी केंद्राने तिला बोलावले, आणि ज्यांच्यामुळे तिची शैली घडली अशी तीन गाणी कळवण्यास सांगितले. मूळ ध्वनिमुद्रिका ते वाजवणार होते. तिने तीन गाण्यांचे मुखडे कळवले. केंद्रावरच्या ध्वनिमुद्रिका सांभाळणाऱ्या बाईंनी तीन दिवस कपाटे उपसली आणि चौथ्या दिवशी कळवले की, अशी गाणी जगात अस्तित्वात नाहीत.

नसणारच. ती केवळ तुझ्या शिवणाच्या खोलीत अस्तित्वात होती. रेडिओ वर फळीवर, शिवणयंत्र खाली, आणि तुझा पाय पायडलवर. यंत्राच्या खडखडाटात तुला दर तिसरा शब्द ऐकू येई, आणि मधल्या जागी तू हाताशी असेल ते भरत असस. 'तुला पाहता विसरले मी' हे तू जन्मभर 'तुला पाहता उसवले मी' असे गायलीस. 'सांज ढळता वाट पाहते' याचे 'सांध जुळता काठ पाहते' झाले. आणि 'नयनी माझ्या दाटले पाणी' या ओळीचे 'नेफ्यात माझ्या गुंतली नाडी' झाले. (विरहगीतात नाडी येऊ शकत नाही, हे मी त्या वेळीही निदर्शनास आणले होते. तू म्हणाली होतीस, ज्याची गुंतली आहे त्याला विचारा.) टाचणी यंत्राखाली चिंध्यांत बसून हेच ऐकत वाढली. तिच्या गाण्यातला ठेका तुझ्या पायडलचा आहे, असे ती सांगते. दोन ओळींमध्ये जी अनपेक्षित शांतता येते, आणि जिच्याविषयी जाणकार मंडळी फार आदराने लिहितात, ती जागा वस्तुतः माझ्या खाकरण्याची आहे. मी दारात खाकरलो की तू थांबत असस, मी योग्य शब्द सांगत असे, आणि तू पुढची ओळ पुन्हा चुकीची सुरू करत असस.

या दुरुस्त्यांची मी वही ठेवली होती, हे तुला ठाऊक होतेच. (तुझ्या मैत्रिणींत माझा उल्लेख 'आमचे शुद्धलेखन' असा होत असे, हे मलाही ठाऊक होते.) डाव्या रकान्यात अशुद्ध, उजव्या रकान्यात शुद्ध, सत्तावीस वर्षांत एकेचाळीस नोंदी. टाचणी म्हणाली, बाबा, मूळ गाणी तुमच्याखेरीज कुणाला माहीत असणार, तुम्हीच चला. मी इस्त्रीचा सदरा घालून, वही घेऊन गेलो. निवेदिकेने अत्यंत आदबीने मला मूळ ओळ म्हणून दाखवण्यास सांगितले. मी चष्मा पुसला, खाकरलो, उजव्या रकान्यातील 'विसरले' या शब्दाखाली बोट ठेवले, आणि स्वच्छ आवाजात 'तुला पाहता उसवले मी' असे म्हटले. म्हटले असे लिहितो आहे. प्रत्यक्षात मी गायलो. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत होता. निवेदिकेने मूळ ओळीची आठवण करून दिली. मी पुन्हा बोट ठेवले आणि पुन्हा उसवले. तिसऱ्या वेळी मी वहीच मिटली. टाचणी आधी हसत होती, मग हसत नव्हती. त्यानंतर त्यांनी वहीवरून शोधून काढलेली तिन्ही मूळ गाणी वाजवली. ती मला मुखोद्गत आहेत, तरीही अथपासून इतिपर्यंत चुकीची वाटली.

आता मुख्य अडचण लिहितो. टाचणीच्या गाण्यांचा पहिला संच निघतो आहे, आणि त्यातले अखेरचे गाणे तिला तुझ्या अखेरच्या गाण्यावर बांधायचे आहे. ते गाणे तू शेवटचे दोन महिने गात होतीस, तेव्हा ती कामानिमित्त दूर होती. ऐकणारा मी एकटा. तिने मोठ्या विश्वासाने वही उघडली. एकेचाळिसाव्या नोंदीत शुद्ध रकान्यात 'येशील तेव्हा दार उघडे' असे आहे. अशुद्ध रकान्यात, माझ्याच सुवाच्य अक्षरात, 'नेहमीचेच' एवढेच लिहिलेले आहे.

"बाबा, नेहमीचं म्हणजे काय?" तिने विचारले.

त्या दिवशी तू कॉलर उलटवत होतीस, खिडकीचे एक दार वाऱ्याने आपटत होते, चहा निवला होता, हे सर्व आठवते. तुझे शब्द तेवढे आठवत नाहीत. रोज ऐकू येत होते, म्हणून मी ते ऐकले नाहीत.

महिनाअखेर तुझी शिवणाची खोली रिकामी करायची आहे. (मालकीण त्याच, खाली चष्म्याचे दुकान असलेल्या बाई. त्यांनी मुदत दोनदा वाढवून दिली.) कुठे ती ओळ लिहिलेली सापडते का, म्हणून मी खण उपसले. बॉबिना, खडू, तीन अंगुस्ताने, आणि माझी ती लाल पेन्सिल निघाली, जिच्याबद्दल मी कचेरीतील शिपायावर संशय घेतला होता. ओळ मिळाली नाही. तेव्हा तू जे ऐकलेस ते आपण ऐकून पाहावे, असे मी ठरवले. रेडिओ मोठ्याने लावला, यंत्रावर बसलो, चिंधी घातली आणि पायडल मारले. दहाव्या टाक्याला माझ्या सदऱ्याची बाही त्या चिंधीला शिवली गेली. ओरडणे मला जमत नाही, म्हणून मी बराच वेळ तसाच सभ्यपणे बसून राहिलो. अखेरीस आवाजाने त्रासून चष्मेवाल्या बाई वर आल्या. त्यांनी कात्री शोधली, वाकून पाहिले आणि सहज विचारले, "काका, उसवू का?"

यापुढचे लिहिण्यास संकोच वाटतो. बाईंना वाटले, सुई बोटात गेली. त्यांनी पाणी आणले. मी त्यांना सर्व प्रकार सांगितला. त्यांनी कात्री खणात ठेवली आणि म्हणाल्या, "पण शेवटी तर मशीन बंदच होतं ना?"

होते. डॉक्टरांनी पायडल वर्ज्य केले होते, तू हातानेच शिवत होतीस. खडखडाट नव्हता. सत्तावीस वर्षांत प्रथमच तुला रेडिओवरचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत असणार. म्हणजे कदाचित ती ओळ तू अचूक गात होतीस, आणि मी सवयीने खाकरलो, आणि तू सवयीने थांबलीस. बाईंना शब्द आठवतात का, हेही विचारले. शब्द खाली पोहोचत नसत, माझे खाकरणे मात्र नीट ऐकू येई, असे त्यांनी सांगितले.

हे पत्र यंत्राच्या खणात ठेवत आहे. यंत्र टाचणीकडे जाईल. पत्रात काही अशुद्ध राहिले असल्यास तसेच असू द्यावे.

तुझा,
आमचे शुद्धलेखन

ता. क. : तुझ्या माझ्या व्यवहारात मी कधी काही मागितले नाही, आज मागतो. ती ओळ कशी होती, ते कळव. चूक नसल्यास तेही कळव. मात्र मला कळवू नकोस, मी मध्येच खाकरेन. टाचणीला कळव.

ता. क. २ : मापांच्या वहीत ओळ नाही. माझे पान आहे. छाती, बाही, उंची, आणि त्याखाली तुझ्या अक्षरात : 'गळा अर्धा ईंच सैल. सारखे खाकरतात. आवळला तर गप्प बसतील, मग करमायचं नाही.' 'इंच' दीर्घ लिहिला आहेस. राहू दे.

ता. क. ३ : टाचणीने निर्णय घेतला आहे. एकेचाळिसाव्या ओळीच्या जागी गाणे थांबेल आणि तिथे मी खाकरायचे. मी होकार दिला आहे. सराव चालू आहे, परंतु मुद्दाम जमत नाही.

ता. क. ४ : यंत्र टाचणीकडे पोहोचले; तिथेच खणातून पत्र काढून हे लिहितो. खोलीच्या दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या चष्मेवाल्या बाईंना परत दिल्या.