सातव्या महिन्याची मुलगी

नाशिक, मंगळवार, १२ जानेवारी १९३७

परवा दवाखान्यात सरस्वतीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. तिला दूध आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या हमीदाचं बाळ त्याच सकाळी गेलेलं. ती आपणहून म्हणाली, "सिस्टरबाई, माझं दूध द्या तिला." सरस्वतीची सासू आडवी आली, "आमच्यात चालायचं नाही." दोन दिवस मी पोरीला साखरपाण्यावर ठेवलं. नर्स असून गप्प का बसले मी?

आज सासू कबूल झाली. बोळ्यानं थेंब थेंब दूध सोडलं. पोर गिळेना, ओठांच्या कडेनं सगळं बाहेर. पुन्हा सोडलं, पुन्हा बाहेर. हमीदा पाठमोरी होऊन दुसरी वाटी भरत होती. "ऊन आहे तोवर पाजा," म्हणाली. पोर केव्हाच गार पडली होती. हमीदानं भरलेली ती वाटीही मी हातात घेतली.