किटलीचा कान

१० ऑक्टोबर १९५३
आलो एकदाचे इंदूरला! देवासहून सगळा संसार दोन पेट्यांत आणला. सरलाला कारखान्यामागची खोली पसंत पडली. आमच्या चार वर्षांच्या कमलला फक्त भातुकली मांडायला कोनाडा हवा होता. माझे मालक जयसिंगराव. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे कृष्णपुऱ्याजवळ पत्र्याच्या पेट्या करतात. रिबिटा ठोकून कंटाळले, म्हणून स्पॉट वेल्डिंगचं मशीन घेतलंय आणि ते चालू करायला मला बोलावलंय.

१३ ऑक्टोबर
ट्रान्सफॉर्मर जोडला. तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे धरायचे, पायपट्टी दाबून क्षणभर करंट सोडायचा, की झालं. आधी करंट कमी पडला, पत्रे सालीसारखे सुटले. वाढवला तर भोक पडलं. शेवटी जमलं. पकडीने ओढून पाहिलं तर पत्रा फाटला, पण जोडाचा ठिपका सुटला नाही. जयसिंगराव खूश. म्हणाले, "वा भिया! अब इसको कोण सोडवणार?" मी उगीचच फुगलो.

१६ ऑक्टोबर, खंडेनवमी
मालकांनी घरून आणलेल्या तलवारीशेजारी आज मशीनचीही पूजा झाली. जयसिंगरावांनी बजावलं, पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही. ते जेवायला गेले. कमलच्या पत्र्याच्या किटलीचा कान निघाला होता आणि तिने रडून गोंधळ घातला होता. एक ठिपका तर मारायचा, कोणाला कळतंय? पट्टी दाबली. कान बसला, पोरगी नाचायला लागली. ठिपका मात्र कुंकवासारखा लाल.
आणि नंतर पाहिलं, मेन स्विच बंदच होता.

१७ ऑक्टोबर, दसरा
जेवताना चमचा माझ्या हाताखाली ताटाला चिकटला. हसलो. मग सरलाच्या पाटल्यांना बोट लागलं, दोन्हींची एक झाली. सरला पांढरी पडली. आता अंगठा आणि बोट पेनाला धरून बसलेत, सुटत नाहीत. दुखत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. सोनं देऊन गळाभेट घ्यायला लोक येतील, म्हणून कारखान्यात लपलोय. कमलला जवळ घ्यायचं नाही. काही झालं तरी नाही.

१८ ऑक्टोबर
जयसिंगरावांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या पणजोबांनी असंच नवमीला पूजेतली तलवार उचलली होती. ती हातातून सुटलीच नाही, त्यांच्याबरोबर चितेवर गेली. म्हणाले, मशीनवर हात ठेवून माफी मागा. मागितली.
डावा तळवा आता मशीनला जोडलाय. ते डॉक्टरांना आणायला पळाले. सरला कमलला शेजारणीकडे ठेवून येतेय. मी उभा आहे, दुसरं काय करणार.

दुपारी
पावलं वाजली — सरला नाही. कमल. एकटीच, शेजारणीचा डोळा चुकवून. हातात ती किटली.
रागावलो, ओरडलो — तिला खेळच वाटतो. हसते —
सरला, हे वाचलंस तर आधी तिला उचल, मला शिवू नकोस —
मागे सरता येत नाही. हात सुटत नाही —
म्हणते, बाबा, चहा घ्या ना — नको गं बाई, तिथेच थांब —
किटली खाली ठेवली. मला रडताना पाहून डोळे पुसायला — नको — तिची बोटं माझ्या हातावर, किती ऊन आहेत, कमल, हलव, हात हल