हरलेल्याचा दर

अण्णा, दुपारी कचेरीत पंख्याखाली डोळा लागला की हल्ली मला आपली ती टेंडरची पेटी दिसते. हिरवी, दोन कुलपांची. तुम्ही हेडक्लार्कच्या खुर्चीत बसलेले असता. एकेक पाकीट उजेडाकडे धरून फोडता, आणि आतून दरपत्रकाऐवजी तंबाखूचं वाळकं पान निघतं, बेलाचं पान निघतं, एकदा तर नुसतं ऊनच निघालं. तुम्ही तेही लिहून घ्यायला सांगता आणि मी लिहीत असतो. जाग येते तेव्हा बोटांना लाखेचा वास येतोय असं वाटतं.

पेटी आता नाही. टेंडरं संगणकावर येतात, ठरल्या वेळी आपोआप बंद होतात, उघडताना समोर कुणी नसतं. तुमच्या वेळी सगळे ठेकेदार भिंतीला टेकून उभे राहायचे. फोडण्याआधी तुम्ही पाकिटावरचा लाखेचा शिक्का प्रत्येकाला दाखवायचात, मग मी दर वाचायचो, आधी कानडीत, मग मराठीत. मी नवीन होतो. त्या दिवशी नळाच्या पाइपांचं टेंडर होतं आणि भरणाऱ्यांत काकतीचा माझा सख्खा मामा होता. त्याचा दर सगळ्यांत चढा निघाला आणि माझा आवाज खाली गेला. वहीतून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं वाच. हरलेल्यालाबी आपला दर ऐकायचा हक्क हाय." मी पुन्हा वाचला. बाहेर पडताना मामा म्हणाला, "भाच्या, मयताच्या घरात बोलल्यागत वाचलास की रं!" तो हसत होता. मला हसू येत नव्हतं.

म्हणूनच असेल, त्या दुपारी तुम्ही मला जेवायला घरी नेलंत. मग प्रत्येक टेंडरच्या दिवशी नेऊ लागलात. स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. काकू तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकतात, झुणक्याचा वास दारापर्यंत येतो, आणि कचेरीचा शब्द तिथे कुणी काढत नाही. निवृत्त होताना तुम्ही लाखेची उरलेली कांडी माझ्या हातात ठेवलीत. "माझ्या पैशाची हाय, भिऊ नको." ती आमच्या देव्हाऱ्यात आहे. बायको देव पुसताना तिलाही पुसते.

मागच्या महिन्यात तुमचा मुलगा आला होता. पथदिव्यांचं टेंडर निघायचं होतं. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान तुम्हाला माहीत आहेच. "दादा, अटींत एवढी एकच ओळ घाल. दुकान गावातच पायजे, आनि पंधरा वर्षांचा अनुभव." अशा अटीत बसणारं दुकान आपल्या गावात एकच आहे. "बेळगावचे मोठे लोक आले की दर पाडत्यात. औंदा हे काम न्हाय मिळालं तर कुलूपच लावायचं बघ." मग हसून म्हणाला, "आईच्या हातची भाकरी विसरला न्हाईस न्हवं?"

मी ओळ घातली. घातल्याचं सांगायला त्याला फोनही केला. दोन दिवस ती मसुद्यात राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावताना हात कांडीला लागला. थंडगार होती. कचेरीत गेल्या गेल्या मी ओळ काढून टाकली आणि मसुदा साहेबांकडे सहीला पाठवला. साहेबांनी ती ओळ पाहिलीसुद्धा नाही.

काल टेंडर उघडलं. पाच जणांनी भरलं होतं. काम बेळगावच्या एकाला गेलं, तुमचा मुलगा तिसरा आला. खोलीत मी एकटाच होतो, तरी पाचही दर वाचले, आधी कानडीत, मग मराठीत, त्याचाही त्याच आवाजात. भिंतीपाशी कुणीतरी सरकून दुसऱ्याला जागा करून दिली असं वाटलं.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे धाडायचं नाही, कांडीखाली ठेवायचं आहे. म्हणून एवढं सांगतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, ती ओळ कुणी काढली रं?"

"साहेबांनी," मी म्हणालो.

"ऐकू येईना. मोठ्यानं बोल की."

अगदी तुमचा आवाज, अण्णा. मी मोठ्यानं म्हणालो, "साहेबांनी काढली."

"असू दे," तो म्हणाला. "तू तरी घातली हुतीस."