आमच्या मर्जीने

१६ जाने. शुक्र.
उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी रमेशभाईंची दोन बोटं गेली. गोरव्याच्या कारखान्यात ह्यांच्या शेजारच्याच मशीनवर. माल पटापट निघावा म्हणून मशीनची हात वाचवायची जाळी शेठनेच काढायला लावलेली. आज सगळ्यांना सहीसाठी कागद दिला. ‘जाळी आम्ही आमच्या मर्जीने काढली.’ हे म्हणाले, मी नाही करणार. नोकरी गेली तर? चिऊ दीड वर्षाची.

१८ रवि.
मॅनेजरच्या बायकोकडे हळदीकुंकू, रावपुऱ्यात. पहिल्यांदाच बोलावलं. चिऊला मांडीवर घेतलं वहिनींनी. निघताना हात धरला. "अगं, आपण मराठी माणसं, म्हणून सांगते. शेठ बापासारखे आहेत. तू समजाव त्याला." मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती नाही केली.

१९ सोम.
ह्यांना म्हटलं, शेठ बापासारखे आहेत. हसले. "तुझ्या बापाने कधी बिनजाळीच्या मशीनवर बसवलं का गं मला?"
युनियनचे म्हातारे काका आलेले. म्हणाले, "मारून काम करून घ्यायची गरजच नाही सूनबाई. आपल्याच तोंडून बरोबर आहे म्हणवून घेतात, मग काठी कशाला?"
मी बोलले, "काका, तुमचं पेन्शन चालू आहे. तुमचं काय जातं?"
चहा अर्धा टाकून गेले. नको होतं बोलायला.

२१ बुध.
रमेशभाईंना बघायला गेले. हात शालीखाली लपवलेला. मला वाटलं शेठला शिव्या देतील. उलट म्हणतात, "मारी ज भूल, बेन. चूक माझीच, ध्यान नव्हतं. शेठ स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. देवमाणूस." त्यांनी सही पण केली. डाव्या हाताने.
बायको मान हलवत होती. मी पण हलवली.

२३ शुक्र.
बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. हे एकटे. वहिनींचा फोन, "बोललीस ना गं?" बोलते म्हटलं.

२४ शनि.
सकाळी बूट घालताना ह्यांनी विचारलं, "तू सांग. तू म्हणशील ते करतो." आजवर मला असं कधी विचारलं नव्हतं.
करा म्हटलं. लगेच. विचार पण नाही केला. ते चिऊचा पापा घेऊन गेले.
सही केली की परत त्याच मशीनवर बसायचं. जाळी नाहीच. एवढं मला ते गेल्यावर सुचलं.
सहीसाठी ह्यांना ऑफिसात दहाला बोलावलंय. आता साडेनऊ. दोनदा फोन लावला, उचलत नाहीत. गाडीवर असतील. परत लावते. उचलला तर काय सांगायचं ते अजून माहीत नाही.